प्लेस्टेशन २ चे चित्र सुधारताना

भाऊ, आर्वीच्या बाजारातून नवा टीव्ही आणण्याआधी प्लेस्टेशन २ या गेम कन्सोलमागची केबल बदलून पाहा, असे मी आग्रहाने सांगेन. पिवळ्या पिनेच्या कॉम्पोझिट केबलमध्ये उजेड आणि रंग यांची माहिती एकाच तारेतून जाते. टीव्हीला ती पुन्हा पूर्णपणे वेगळी करता येत नाही, म्हणूनच लाल अक्षरांच्या कडेने मुंग्यांची रांग चालल्यासारखे ठिपके सरकताना दिसतात. एस-व्हिडिओ केबलमध्ये या दोन्ही गोष्टी वेगळ्या तारांतून येतात. हिरव्या, निळ्या व लाल पिनांची कंपोनंट केबल त्याहून सरस. मात्र पिवळी पिन जोडलेली असतानाच कन्सोलच्या सेटिंगमध्ये आरजीबीऐवजी (लाल, हिरवा, निळा रंग वेगवेगळे पाठवण्याच्या पद्धतीऐवजी) कंपोनंटचा पर्याय निवडून घ्यावा. घरात धूळ खात पडलेला, कंपोनंट इनपुट असलेला पिक्चर ट्यूबचा टीव्ही भंगारवाल्याला मुळीच देऊ नका, कारण प्लेस्टेशन २ वर चालणाऱ्या प्लेस्टेशन १ च्या खेळांचा २४० रेषांचा संकेत अनेक नवे टीव्ही त्या इनपुटवर स्वीकारतच नाहीत.