माझ्याच माणसांचा मला वीट आला आहे

‘मॅडम, घरात सगळे सुखरूप आहेत, कुणाला काही झालेले नाही, आणि तरीही मला माझ्याच माणसांचा वीट आला आहे.’ मी फोनवरून समुपदेशन करते आणि हे वाक्य मी २०२० साली पाडव्यानंतर प्रथम ऐकले, २०२१च्या पाडव्यानंतर ते पुन्हा ऐकू येऊ लागले. २०२० साली करोनामुळे देशभरातील टाळेबंदी ज्या दिवशी सुरू झाली, तो २५ मार्च गुढीपाडव्याचाच दिवस होता. २०२१ साली १३ एप्रिलला, पुन्हा पाडव्याच्याच संध्याकाळी, राज्यातील नव्या निर्बंधांची घोषणा झाली. फरक एवढाच, की या दुसऱ्या वेळी फोन करणारी व्यक्ती आपली तक्रार पुरती सांगण्याआधीच माफी मागत असे. लोक ऑक्सिजनच्या खाटेसाठी वणवण फिरत असताना मी हे काय रडगाणे लावले आहे, असे ती म्हणत असे आणि कित्येकदा तिथेच फोन ठेवू पाहत असे. अशा सर्वांसाठी, एका बाईंच्या परवानगीने, त्यांची २०२० सालची हकिकत येथे लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून नावे आणि काही तपशील बदलले आहेत.

त्यांना आपण वृंदाताई म्हणू. वय त्रेचाळीस, राहणे पुण्यात वडगाव बुद्रुकला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. टिळक रस्त्यावरील एका सीएंच्या कार्यालयात त्या हिशेबाचे काम करीत. घरात पती, नववीत गेलेला मुलगा ओंकार आणि सासरे, ज्यांना सगळे नाना म्हणतात. टाळेबंदीनंतर पतीचे ऑफिस शयनगृहात आले, नानांची सकाळ-संध्याकाळ दूरदर्शनवर पुन्हा लागलेल्या रामायण-महाभारतात जाऊ लागली, ओंकार मोबाइल घेऊन दिवाणावर पडला आणि वृंदाताईंचा लॅपटॉप ओट्याच्या कडेला, कुकर आणि मिक्सर यांच्या मधे जाऊन बसला. सोसायटीने कामाच्या मावशींना येण्यास मनाई केली होती. मे महिन्यात त्यांचा पहिला फोन आला तेव्हा मागे मोटारीच्या हॉर्नचा आवाज ऐकून मी विचारले, की आपण बाहेर आहात का? ‘पार्किंगमध्ये स्कूटरवर बसले आहे,’ त्या म्हणाल्या. ‘घरात बोलायला जागा नाही. मास्क लावला आहे, नाहीतर चेअरमन ओरडतील.’ त्या वाक्यात सगळे उत्तर होते. मला मात्र ते कळायला चार आठवडे लागले.

पहिल्या दोन फोनमध्ये मी जे केले ते त्या काळात बहुतेक समुपदेशक करीत होते. दिवसाचे वेळापत्रक आखले आणि कामांची वाटणी सुचवली. वृंदाताई हिशेबाच्या बाई असल्यामुळे त्यांनी ते चोख अमलात आणले. भांडी पतीकडे गेली, झाडू ओंकारकडे, भाजी निवडणे नानांकडे. तिसऱ्या बुधवारी, ठरलेल्या फोनवर, मी जरा अपेक्षेनेच विचारले, की आता कसे वाटते? त्या म्हणाल्या, ‘काम कमी झाले, मॅडम. तगमग तेवढीच आहे.’ तेव्हा मी त्यांना ‘अतिपरिचयादवज्ञा’, म्हणजे फार सहवासाने अनादर होतो, हे सुभाषित ऐकवले, चोवीस तास एकमेकांसमोर राहिल्यावर असे होणारच, असे समजावले. हेही चुकले होते. नाना त्यांना एकोणीस वर्षे परिचित होते. त्या परिचयात दोन महिन्यांनी अशी काय भर पडणार होती? तरीही मी ही चूक सांगते आहे, कारण समोरच्याचे दुःख नीट ऐकण्याआधी त्यावर शहाणपणाचे झाकण ठेवण्याचा मोह आमच्या व्यवसायातही सुटत नाही. त्या दिवसांत मोबाइलवर फिरणाऱ्या ‘ही तर सुवर्णसंधी, नवे काहीतरी शिका’ छापाच्या संदेशांनी तर अनेकांना निष्कारण अपराधी केले.

चौथ्या फोनला मी सल्ला देणे थांबवले आणि विचारले, ‘नेमका त्रास कशाचा होतो, ते सांगाल?’

‘नाना ताटात चमचा वाजवतात. हे दिवसभर फोनवर येस सर, येस सर करतात. ओंकारचे गेम. खरे सांगू? कधी कधी यांच्या श्वासाचासुद्धा आवाज नको वाटतो. आणि मग रात्री वाटते, उद्या यांच्यापैकी कुणाला काही झाले तर?’

‘मग काय करता?’

‘स्वतःला शिव्या घालते. बायाबापड्या लेकरांना कडेवर घेऊन पायी गावाला निघाल्या आहेत आणि मला भरल्या घरात माणसे नकोशी झाली आहेत. अशी बाई असते का हो?’

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे असे मला वाटते, कारण येथे दुःखे दोन आहेत. एक माणसांचा वीट येण्याचे आणि दुसरे तो वीट आल्याबद्दल स्वतःला दिलेल्या शिक्षेचे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास त्रासामागचे अविवेकी विचार तपासणारी जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तिच्या मुशीत माझे शिक्षण झाले आणि गेली बावीस वर्षे मी तिच्याच वाटेने काम करीत आहे. माणूस मूळ दुःखाने जितका खचतो, त्याहून अधिक तो त्या दुःखाबद्दल स्वतःवर चालवलेल्या खटल्याने खचतो, हे त्या वाटेवर मला शेकडो वेळा दिसले आहे. म्हणून आम्ही पहिल्या दुःखाला हात लावण्याआधी दुसरे सोडवतो. घरच्यांचा कंटाळा येऊ नये असे वाटणे ही इच्छा आहे, आणि ती सुंदर इच्छा आहे. तो येताच कामा नये हे मात्र फर्मान आहे, आणि मन फर्मान मानत नाही.

‘हा नियम कुणी केला, वृंदाताई? चांगल्या बाईला घरच्यांचा कंटाळा येताच कामा नये, हा?’

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘आईने तरी कधी असे सांगितल्याचे आठवत नाही.’ पुन्हा थांबल्या. ‘उलट आई दर सोमवारी शंकराच्या देवळात जायची. दोन-दोन तास. आम्ही मागे लागलो तरी न्यायची नाही.’

‘का बरे नेत नसेल?’

‘म्हणायची, माझे मी आणि माझा देव.’

‘आणि तुम्ही कुठे जात होता?’

‘मी कुठे जाणार? घर ते ऑफिस, ऑफिस ते घर.’

‘आणि त्या दोहोंच्या मधे?’

मला तो प्रश्न कसा सुचला ते सांगता येणार नाही. ‘ते’ या शब्दावर त्यांचा आवाज किंचित रेंगाळला होता, एवढेच. पलीकडून काहीच ऐकू येईना. फोन तुटला असे वाटून मी ‘हॅलो’ म्हणणार, तोच रडण्याचा आवाज आला. या बाई तोवर एकदाही रडल्या नव्हत्या.

‘पीएमटीची बस,’ त्या म्हणाल्या. ‘वडगाव ते स्वारगेट. सकाळी चाळीस मिनिटे, संध्याकाळी पन्नास. खिडकी मिळाली तर मिळाली, नाहीतर दांडीला धरून उभी. घाम, गर्दी, कंडक्टरची कटकट, सगळे होते. पण गाडीत बसले की मी कुणाचीच नसायचे, मॅडम. ना सून, ना आई, ना ऑफिसातल्या बाई. तेवढा वेळ मला कुणी हाक मारत नव्हते.’

मी काही बोलले नाही. असे वाक्य आल्यानंतर समुपदेशकाने केलेली भर म्हणजे बहुधा नासाडीच असते. पण फोन ठेवल्यावर मी वहीत एकच शब्द लिहिला, ‘उंबरठा’, आणि त्यानंतरच्या वर्षभरात त्या शब्दाने मला जितके फोन उलगडून दिले, तितके कुठल्या पाठ्यपुस्तकाने दिले नसतील.

महामारीने आपल्याला घरात कोंडले, असे आपण म्हणतो. परंतु वृंदाताईंच्या बोलण्यातून मला जे उमगले ते असे, की घर आणि बाहेर यांच्या मधला जो पट्टा होता, तो नाहीसा झाला. माणूस एका भूमिकेतून दुसऱ्या भूमिकेत एकदम उडी मारू शकत नाही, त्याला मधे थोडे चालावे लागते. पूर्वीच्या घरांना ओसरी होती, परसू होते, पाणवठ्याची वाट होती. त्या घरांचे मी गोडवे गात नाही, कारण तिथे बाईला स्वतःची खोली कधीच नव्हती. परंतु नदीवर धुणे नेण्याच्या किंवा देवळात प्रदक्षिणा घालण्याच्या निमित्ताने तिला हा पट्टा मिळत असे, आणि तो धर्माच्या किंवा कामाच्या नावावर मिळत असल्यामुळे त्याबद्दल अपराधी वाटण्याचे कारण नसे. वृंदाताईंच्या आईंकडे महादेव होता, वृंदाताईंकडे पीएमटी होती. दोघींनाही एकांत मागावा लागला नव्हता, तो आडमार्गाने मिळत होता. टाळेबंदीने तो आडमार्ग बुजवला, आणि जी गोष्ट आयुष्यात कधी मागितली नव्हती, ती तोंडाने मागण्याची वेळ आली.

पुढचे दोन फोन आम्ही केवळ ‘कसे मागावे’ यावर खर्च केले. वृंदाताईंचे पहिले वाक्य होते, ‘तुम्हा सगळ्यांमुळे माझे डोके उठले आहे, मला जरा एकटीला सोडा.’ हा आरोप झाला. दुसरे होते, ‘तुमची काही हरकत नसेल आणि कुणाची गैरसोय होणार नसेल तर...’ ही याचना झाली. तिसरे त्यांनी स्वतःच बांधले: ‘ऑफिसला जाताना मला बसमध्ये चाळीस मिनिटे स्वतःची मिळत होती. ती मला हवी आहेत. रोज चार ते चार चाळीस मी मागच्या गॅलरीत बसेन, तेवढा वेळ मला हाक मारू नका.’ त्यात कुणाचा दोष नव्हता आणि माफीही नव्हती. रात्री जेवताना त्यांनी ते म्हटले. ओंकारने खांदे उडवले, पतींनी ‘बरं’ म्हटले. नानांनी घास हातात तसाच ठेवला आणि म्हणाले, ‘मलाही हवीत.’

गेली अकरा वर्षे नाना रोज पहाटे कालव्याच्या कडेने फिरायला आणि तिथून कट्ट्यावर जात असत. मार्चपासून ते बंद होते, आणि सुनेला काम वाढल्याचे दिसत असताना आपण काय मागायचे, म्हणून ते ताटात चमचा वाजवीत बसले होते. हे ऐकून वृंदाताई मला म्हणाल्या, ‘चमच्याचा आवाज तोच आहे, पण आता तो वेगळा ऐकू येतो.’ गॅलरी पहाटे साडेपाच ते साडेसहा नानांची झाली.

सगळे लगेच सुरळीत झाले असे समजू नये. पहिल्या आठवड्यात ओंकारने रोज दार वाजवले, एकदा पतींना नेमके चार वाजताच चार्जर सापडेना, आणि वृंदाताई स्वतःच दोनदा चहा टाकायला उठून आल्या. मी त्यांना एवढेच सांगितले, की दार वाजले तर उघडायचे नाही आणि रागवायचेही नाही. आतून ‘चार चाळीस’ म्हणायचे. तिसऱ्या आठवड्यात नानांनी या वेळेचे नाव ‘पीएमटी’ ठेवले. पावणेचारला ते हाळी देत, ‘सूनबाई, गाडी लागली!’ आणि घर हसत असे. सप्टेंबरमध्ये खऱ्या पीएमटीच्या, म्हणजे आताच्या पीएमपीच्या, गाड्या रस्त्यावर आल्या, पण वृंदाताईंचे काम घरूनच चालू राहिले आणि गॅलरीतली गाडीही.

ज्यांना आज हीच घुसमट होत आहे, त्यांनी प्रथम आपण पूर्वी कुठे ‘कुणाचेच नसायचो’ ते आठवावे. ते ठिकाण बहुधा क्षुल्लक असते, लोकलचा डबा, मंडई, दळण आणायला गेलेली गिरणी, आणि क्षुल्लक असल्यामुळेच ते हरवल्याचे आपल्या ध्यानात येत नाही. मग तेवढाच वेळ घरात मागावा. दिवसभराची शांतता मागू नये, ती मिळणार नाही. गॅलरी नसेल तर जिन्याचा वरचा टप्पा चालेल, एकच खोली असेल तर भिंतीकडे तोंड करून ठेवलेली खुर्चीही चालते, मात्र त्या खुर्चीचा नियम सर्वांनी पाळावा. त्या वेळात काही उपयुक्त करण्याचा अट्टहास नको. वृंदाताईंनी गॅलरीत भरतकाम सुरू केले तेव्हा मीच ते बंद करायला लावले, कारण बसमध्ये त्या भरतकाम करीत नव्हत्या. आणि आपल्याला जे हवे आहे ते घरातल्या आणखी कुणाला हवे असेल का, हे एकदा विचारून पाहावे. पुरुष बहुधा आपणहून सांगत नाहीत, ते चिडचिड करतात.

हे सर्व सुरक्षित घरांसाठी आहे. जिथे मारहाण आहे किंवा धाक आहे, तिथे चाळीस मिनिटांनी काही साधत नाही. तिथे विश्वासातल्या माणसाला सांगावे आणि पोलिसांच्या १०९१ या महिला हेल्पलाइनची मदत घ्यावी. तसेच दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर तो केवळ वीट नव्हे; तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांना विनाविलंब भेटावे.

२०२१च्या त्याच निर्बंधांत एका गृहस्थांचा फोन आला. मुलांवर हात उचलला गेला म्हणून ते घाबरले होते. दोन्ही मुलांची चौकशी करून झाल्यावर मी विचारले, की पूर्वी ऑफिस सुटल्यावर आपण थेट घरी येत होता का? ‘थेटच,’ ते म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून, ‘म्हणजे... नवले पुलाजवळ टपरीवर एक चहा घ्यायचो. एकटाच. दहा मिनिटे. मिसेसना माहीत नाही.’ पुढच्या बुधवारी त्या चहापासून सुरुवात करायचे आम्ही ठरवले.