वरची हवा गार, मग इंजिन तापतं कशानं?

प्रश्न : माझं होटगी रोडला बाइकचं गॅरेज आहे, विमानतळ जवळच. लहान विमानाचं इंजिन जमिनीवर तासन्‌तास चालवून बघतात, तरी परत उंचावर नेऊन टेस्ट करतात म्हणे. वर तर मस्त गार हवा, इंजिनला त्रास कसला? सांगा की ओ जरा.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : दादा, हवा गार असते पण विरळ असते, सगळं दुखणं तिथंच आहे. १८,००० फुटांवर दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो, पिस्टन तेवढाच खालीवर करतो पण सिलिंडरमध्ये हवाच कमी भरते, मग ताकद कुठून येणार? लडाखला कार्बोरेटरची बाइक नेलेल्या कुणालाही विचारा, चढावर गाडी दम टाकते आणि प्लग काढला की काजळीनं काळाकुट्ट, कारण हवा घटली तरी पेट्रोल त्या मानानं घटत नाही. आणि लांब कशाला, आपलं विमानतळ साधारण १,६०० फुटांवर, पण मे महिन्यात दुपारी ४३ डिग्री झालं की हवा इतकी पातळ होते की इंजिनच्या हिशेबानं ते ५,००० फुटांच्याही वर असतं, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा उंच!

यावर उपाय टर्बो. तो हवा दाबून भरतो, ताकद टिकते, पण दाबलेली हवा तापते, आणि इंजिन उष्णता तेवढीच टाकतं तर ती वाहून न्यायला बाहेर हवा कमी. म्हणून बाहेर उणे ३० डिग्री असलं तरी सिलिंडर हेडचं, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या टोपणाचं, तापमान धोक्याच्या लाल रेषेकडं सरकतं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण जमिनीवर पंखा लावून हे नीट कळत नाही. शिवाय विरळ हवेत ठिणगी मॅग्नेटोच्या, म्हणजे प्लगसाठी वीज तयार करणाऱ्या भागाच्या, आतच उडी मारते, प्लगपर्यंत पोचतच नाही, मग इंजिन मिस मारायला लागतं. पेट्रोलचे बुडबुडे होऊन लाइन अडते ते वेगळंच.

टेस्ट म्हणजे एकदम वर जाणं नाही. थोडं चढायचं, विमान सरळ ठेवायचं, ऑइल आणि सिलिंडर हेडचे काटे स्थिर होईपर्यंत थांबायचं, आकडे टिपायचे, मग पुढचा टप्पा. पायलटला ऑक्सिजनचा मास्क लागतोच. सगळ्यात छातीचं काम म्हणजे वर इंजिन मुद्दाम बंद करून परत चालू करणं, आणि ते करताना खाली धावपट्टी इतकी जवळ ठेवतात की इंजिन नाहीच लागलं तरी विमान तरंगत तिथं उतरवता यावं.