लातूर गोष्टीत येत का नाही?

प्रश्न: सर, लातूरवर कथा लिहिली, सोबत पाठवतोय. गंजगोलाईचा बाजार, सिद्धेश्वराची जत्रा, ट्युशन एरिया सगळं टाकलं तरी मित्र म्हणतो शहर दिसतच नाही. शहर हे कॅरेक्टर असतं म्हणतात ते कसं काय? का ते फक्त मुंबईलाच जमतं?
– एक वाचक, लातूर

उत्तर: कथा वाचली. राग मानू नका पण मित्राचं खरंय. नुसती नावं काय, एसटीच्या पाटीवर पण असतात. शहर कोणाला तरी अडवतं, ढकलतं, काहीतरी करायला लावतं तेव्हा ते कॅरेक्टर होतं.

जेम्स जॉइसची युलिसिस कादंबरी घ्या, १९२२ ची, सगळी डब्लिनमधल्या एका दिवसाची, १६ जून १९०४. लिहिली मात्र त्यानं डब्लिन सोडून ट्रिएस्ट, झुरिक, पॅरिसला बसून. आणि तिथनं मावशीला पत्र टाकून विचारतो काय, तर ७ एकल्स स्ट्रीटच्या कठड्यावरनं साध्या माणसाला इजा न होता खाली उतरता येईल का! कारण त्याचा नायक रात्री तिथं आपल्या घरी येतो तर चावी नाही, मग त्याला तो कठडा ओलांडावाच लागतो. म्हणजे तो कठडा शोभेला नाहीये, त्याच्यावाचून सीनच होत नाही.

मुंबईचंच असं काही नाही, पण तिथं हे लवकर दिसलं. नारायण सुर्वेंच्या ‘माझे विद्यापीठ’ या कवितासंग्रहात (१९६६) शहर शिकवायला बसतं, नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’त (१९७२) तर ते भाषाच बदलून टाकतं. बाकी बरीच नावं आहेत, जाऊ द्या.

आता लातूर. गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात, मग तुमच्या नायकाला ज्या माणसाचे पैसे द्यायचेत तो त्याला टाळून टाळून किती टाळणार, फिरून फिरून तिथंच गाठ पडणार ना? किंवा २०१६ चा एप्रिल, मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला टाकीच्या १० वाघिणी, जवळपास ५ लाख लिटर. तेव्हा ज्या घरात पाहुणे आलेले असतील तिथं चहा विचारायच्या आधी बाईची नजर घागरीकडं जाते की नाही? तुमच्या कथेत पाहुणे आहेत, घागर नाही.

आणि ते जत्रेचं दीड पान काढून टाका, छान जमलंय तरी.