वेग बेताचा असूनही जेरी राइसला अमेरिकन फुटबॉलमधला सर्वोत्तम वाइड रिसीव्हर का मानतात?

तुम्ही विचारलंय की, 40 यार्डांच्या शर्यतीत ज्याच्यापुढे कितीतरी जण गेले असते, तो जेरी राइस सगळ्यांच्या वर कसा पोचला आणि त्याचे विक्रम अजून का टिकून आहेत. मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहतो आणि या खेळाची गोडी मला इथल्या फोर्टीनायनर्स संघामुळेच लागली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वाइड रिसीव्हर मैदानाच्या कडेला उभा राहतो आणि क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू पळता पळता झेलतो. पण त्याच्या कामात नुसतं सरळ पळणं फार कमी असतं. कितव्या पावलाला वळायचं, कुठे पोचायचं हे आधीच ठरलेलं असतं, त्याला रूट म्हणतात. अनेकदा रिसीव्हर वळायच्या आधीच चेंडू क्वार्टरबॅकच्या हातातून सुटलेला असतो. एक पाऊल चुकलं की चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात.

'स्लँट' हा अगदी साधा रूट घ्या. दोन-तीन पावलं सरळ, मग तिरकं आत. वळायच्या आधी बहुतेक जणांचा वेग जरासा मंदावतो आणि बचावपटू तेवढ्यावरून ओळखतो. राइस वेग न मोडता वळायचा. खो-खोत पळणारा जशी खांद्याने हूल देतो तशी हूल द्यायचा, आणि समोरचा सावरेपर्यंत चेंडू त्याच्या छातीशी आलेला असायचा. पुढचे तीस-चाळीस यार्ड मग त्याचेच. फोर्टीनायनर्सचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांची पद्धत अशाच छोट्या, अचूक वेळेच्या पासवर उभी होती. ते याला हेरून बसले होते हे काही नवल नाही.

त्यांनी हेरलं तेव्हा बाकीच्यांना शंका होती. राइस मिसिसिपीतल्या एका लहानशा गावचा, वडील गवंडी. उन्हाळ्यात भावांबरोबर तोही कामावर जायचा आणि खालून फेकलेल्या विटा झेलायचा. मोठ्या विद्यापीठांनी विचारलं नाही, म्हणून मिसिसिपी व्हॅली स्टेटमध्ये गेला. तिथे 1984 च्या हंगामात त्याने 27 टचडाउन (म्हणजे गोलरेषेपार पोचवून गुण मिळवून देणारे झेल) झेलले, तरी 'लहान कॉलेज, वेग कमी' हा शिक्का होताच. 1985 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, फोर्टीनायनर्सनी सौदा करून आपली पाळी वर आणली आणि सोळाव्या क्रमांकावर त्याला घेतलं.

पहिल्या हंगामात त्याच्या हातून इतके चेंडू निसटले की घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. जानेवारी 1987 मध्ये न्यूयॉर्क जायंट्सविरुद्धच्या बाद सामन्यात तर तो मोकळा गोलरेषेकडे धावत होता, कुणी हातही लावला नव्हता, आणि चेंडू आपोआप सुटला. सामना 49-3 असा गेला. त्याच वर्षीच्या पुढच्या हंगामात, संपामुळे फक्त 12 सामने खेळून, त्याने 22 टचडाउन झेलले. तो आकडा पुढे 2007 मध्ये रँडी मॉसने 23 करून मोडला, पण त्यासाठी त्याला 16 सामने मिळाले. माझ्या मते राइसचा 1987 चा हंगामच वरचढ.

त्याच्या मेहनतीबद्दल तुम्ही वाचलंच असेल. सॅन कार्लोसजवळच्या एजवूड पार्कमध्ये सुमारे अडीच मैलांची चढाची वाट आहे. सहकारी रॉजर क्रेगने त्याला तिथे नेलं आणि हंगाम नसतानाही तो ती पळत राहिला. सरावात साधा पास झेलला तरी थेट गोलरेषेपर्यंत पळत जायचा. याचं फळ उतारवयात दिसलं. 1995 मध्ये, वयाच्या 33 व्या वर्षी, त्याने एका हंगामात पास झेलून 1,848 यार्ड मिळवले. 1997 मध्ये गुडघा मोडला, तरी परतला. 2002 मध्ये ओकलंड रेडर्सकडून खेळताना चाळिशी गाठली आणि त्या हंगामात 92 झेलांत 1,211 यार्ड काढले. जिथे बहुतेकांची कारकीर्द चार-पाच वर्षांत आटोपते, तिथे तो 20 हंगाम खेळला.

एकूण 22,895 यार्ड, 1,549 झेल. दुसऱ्या क्रमांकावरचा लॅरी फिट्झजेराल्ड 17 हंगाम खेळूनही 17,492 यार्डांवर थांबला. कुणी वर्षाला हजार यार्ड या हिशेबाने 22 वर्षं खेळला तरी राइसपर्यंत पोचणार नाही. आणि आताचे नियम पास झेलणाऱ्याला त्या काळापेक्षा कितीतरी अनुकूल आहेत.

त्याला जो मोंटाना आणि स्टीव्ह यंगसारखे क्वार्टरबॅक लाभले हा आक्षेप खरा आहे. 2015 मध्ये हातमोज्यांना चिकट द्रव्य लावायचो असंही तो बोलून गेला. ते 1981 पासूनच निषिद्ध होतं, आणि मला ते खटकतं. पण योग्य क्षणी योग्य जागी पोचणं चिकट मोज्यांनी होत नाही.

पाहायचंच असेल तर जानेवारी 1989 ची सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचा अंतिम सामना, पाहा. सिनसिनाटीविरुद्ध राइसने 11 झेलांत 215 यार्ड मिळवले आणि सामनावीर ठरला. तीन मिनिटं उरली असताना संघ तीन गुणांनी मागे होता आणि 92 यार्ड जायचं होतं. 27 यार्डांचा मोठा पास त्यानेच झेलला. शेवटचा निर्णायक टचडाउन मात्र जॉन टेलरचा. त्या खेळीत चेंडू खेळात यायच्या आधी राइस आडवा सरकतो, बचावाचं लक्ष त्याच्याकडे जातं आणि टेलरला मधे जागा मिळते. पहिल्यांदा चेंडू बघा, दुसऱ्यांदा फक्त राइसला.