वस्तीची गाडी येईपर्यंत कॅमेरा चालू ठेव

तुझा प्रश्न दोनदा वाचला. मास मीडियाचं शेवटचं वर्ष, १२ मिनिटांची फिल्म, हातात २० दिवस. आधी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारे आजोबा, मग दशावतारात स्त्रीपार्ट करणारा पण आता पुण्यात नोकरी लागलेला मुलगा, आणि परवापासून मुंबईकरांचं बंद घर. दर वेळी दोन पानं लिहून होतात, मग 'हे कुणीतरी आधीच केलंय' असं वाटतं आणि कागद बाजूला जातो. शेवटी विचारलंयस, "मला हे जमणारच नाही का?"

याचं उत्तर मला देता येणार नाही आणि तुलाही नाही, कारण तू अजून एकही शॉट घेतलेला नाहीस. सगळं भांडण डोक्यात चाललंय. दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल हवं होतं, तेव्हा त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली आणि ती फिल्म दाखवली. हे १९१२ सालचं. पैसे देणाऱ्याची शंका ती बघून फिटली. घरच्यांची आणि त्यांची स्वतःचीही थोडीफार फिटली असेल, असं आपलं मला वाटतं.

आता माझं सांगतो. माझ्या वेळी मिनी डीव्हीचा मागून आणलेला हँडीकॅम होता आणि ६० मिनिटांच्या दोन टेप. स्क्रिप्ट १४ पानांची. समुद्रात गेलेला बाप, काठावर रडणारा मुलगा, पानापानाला संवाद. आज वाचलं तर लाज वाटेल. भर दुपारी सगळी वरात घेऊन कातळावर गेलो, तर कातळ पाण्याखाली! भरतीची वेळ बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, समुद्राकाठी जन्मलो असूनही. मुलाचं काम करणारा चुलतभाऊ वैतागून घरी निघून गेला. मला त्या दिवशी खात्रीच पटली की हे आपलं काम नव्हे.

घरी आलो. टेपवर थोडी जागा उरली होती, म्हणून कॅमेरा स्टुलावर ठेवून खळ्याकडे, म्हणजे घरापुढच्या अंगणाकडे, तोंड करून चालू केला. निव्वळ चिडून. खळ्यात माझी आते दिवसभर वाळत घातलेली आमसुलं गोळा करत होती. रातांब्याची सालं रसात बुडवायची, वाळवायची, परत बुडवायची, हे तिचं सगळा मे महिना चालायचं. बोटं जांभळी झालेली. एकेक साल उचलून अंगठ्याने दाबून बघायची, सर्द असेल तर वेगळं टाकायची. मला बघून म्हणाली, "ह्यां कित्याक काढतस रे? काय आसा हयसर?" मी काही बोललो नाही.

मग वळणावर वस्तीच्या गाडीचा, म्हणजे रात्री गावातच मुक्काम करणाऱ्या एसटीचा, हॉर्न वाजला. आतेचा हात थांबला. अंगठा सालावर तसाच. मान पाणंदीकडे वळली. गाडी थांबल्याचा, दार आपटल्याचा आवाज, कुणाचं तरी बोलणं, मग शांत. पाणंदीतून कुणी आलं नाही. तिने ते साल परत दाबून बघितलं आणि टोपलीत टाकलं. जेमतेम चाळीस सेकंद. तिचा मुलगा मुंबईला होता आणि त्या वर्षी मे महिन्यात यायचा होता, आला नव्हता. मला हे माहीत होतं. पण टेप लावून बघेपर्यंत दिसलं नव्हतं.

त्या चाळीस सेकंदांभोवती सहा मिनिटांची फिल्म केली. १४ पानं चुलीत गेली. बक्षीस-बिक्षीस काही मिळालं नाही, आवाजात शेजारच्या पंपाची घरघरही होती. पण त्यानंतर 'जमेल का' हा प्रश्न मी पुन्हा बसल्या जागी स्वतःला विचारला नाही.

तुझ्या तीन कल्पना मला तीन वाटतच नाहीत. रापणीला ढीगभर माणसं लागतात, आणि ती गावात उरली नाहीत. स्त्रीपार्टवाला पुण्याला चाललाय. घर बंद आहे. तिन्हीकडे कुणीतरी गेलंय आणि तू मागे राहिलेल्याकडे बघते आहेस. कल्पना बदलते आहे असं तुला वाटतंय, पण तू फक्त खिडक्या बदलते आहेस.

तरी कल्पना खरंच बदलावी का, याची एक खूण सांगतो. नवी कल्पना कुठे सुचली ते बघ. बाहेर, माणसांत, काहीतरी डोळ्यांनी बघताना सुचली असेल तर घे. रात्री दीड वाजता दुसऱ्यांच्या फिल्म बघून पोटात गोळा आल्यावर सुचली असेल तर वहीत लिहून ठेव आणि झोप. माझ्या वहीत अशा खूप आहेत, त्यातली एकही मी अजून केलेली नाही.

वीस दिवसांत कुठली? माझं मत घराला. दशावताराच्या कंपन्या पावसाआधी पेट्या बांधतात, रापण तुझ्या वेळापत्रकाने लागणार नाही. घर कुठे पळत नाही. बंद घरं खूप जणांनी दाखवली आहेत हे खरं. कुलूप, कोळीष्टकं, भिंतीवरचं जुनं कॅलेंडर, झालं. पण किल्ली कुणाकडे असते? चतुर्थीच्या आधी खिडक्या उघडून, केर काढून, माटवीखालची, म्हणजे गणपतीवर टांगायच्या सजवलेल्या चौकटीखालची, जागा पुसून कोण ठेवतं? बहुतेक शेजारची एखादी काकी. तिला संवाद देऊ नकोस. तिला घर उघडू दे आणि तू नुसती बघ.

शेवट सूर्यास्ताला कातळावर हवाय म्हणतेस, तर आमच्यासारखी फजिती करून घेऊ नकोस. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी सहाला पाणी वर. अमावास्या-पौर्णिमेला भरती साडेअकराच्या आसपास, म्हणजे ओहोटी साडेपाचला, आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणी लांबवर मागे जातं. तुला हवा तो उजेड आणि उघडा कातळ तेव्हाच एकत्र मिळेल. रोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकते, तेवढं धर. पक्की वेळ कोळ्यांना विचार.

घरात ट्यूबलाइट असेल तर कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंदावर ठेव, नाहीतर चित्र लुकलुकेल. आणि प्रत्येक खोलीत कुणी न बोलता अर्धा मिनिट आवाज रेकॉर्ड कर, एडिटला बसशील तेव्हा माझी आठवण काढशील.

उद्या सकाळी स्क्रिप्ट उघडू नकोस. किल्ली कुणाकडे आहे ते विचारून ये. त्या काकीने "ह्यां कित्याक काढतस गो?" विचारलं तर उत्तर द्यायच्या नादात कॅमेरा बंद करू नकोस.