वाचक विचारतात : अनोळखी कबरीवर झेंडू लावला तर चालेल का?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही नवऱ्याच्या नोकरीमुळे फिलाडेल्फियाला आलो. घराजवळ 'द वूडलँड्स' नावाची जुनी सिमेट्री आहे, तिथे 'ग्रेव्ह गार्डनर्स' म्हणून व्हॉलंटियर लोकांचा ग्रुप आहे. प्रत्येकाला एकेक जुनी कबर देतात, तिच्यावर फुलझाडं लावायची आणि आत कोण आहे त्याची माहिती शोधायची. मला बागेचं वेड आणि अपार्टमेंटमध्ये कुंडी ठेवायलाही जागा नाही, म्हणून नाव दिलं आणि नंबर लागला. पण साताऱ्याहून सासूबाई फोनवर म्हणतात की स्मशानात जाऊन माती उकरायची ही कसली हौस, निदान तिन्हीसांजेचं तरी जाऊ नकोस. मला तिथे झेंडू आणि तुळस लावायचीये. काय करू?
— एक वाचक, फिलाडेल्फिया

उत्तर : सासूबाईंवर चिडू नकोस गं. त्यांच्या डोळ्यासमोर नदीकाठचा घाट आणि पत्र्याची शेड आहे, तू जिथे जातेस ते प्रकरणच वेगळंय. ती जागा आधी विल्यम हॅमिल्टन नावाच्या बागवेड्या श्रीमंत माणसाची इस्टेट होती, अमेरिकेत गिंकोचं झाड पहिल्यांदा आणण्याचं श्रेय त्यालाच देतात, आणि 1840 मध्ये तिथे सिमेट्री झाली. तेव्हा तिकडच्या शहरांत सार्वजनिक पार्क जवळजवळ नव्हतेच, त्यामुळे लोक सुट्टीच्या दिवशी घरच्यांना घेऊन अशा सिमेट्रीत फिरायला यायचे, झाडाखाली बसायचे. बोस्टनजवळचं माउंट ऑबर्न 1831 चं, फिलाडेल्फियातलंच लॉरेल हिल 1836 चं, सगळी त्याच फॅशनमधली.

आणि तुला मिळालीये ती बहुतेक 'क्रेडल ग्रेव्ह' असणार. उशाशी मोठी शिळा, पायथ्याशी छोटा दगड, दोन्ही बाजूंना बुटक्या दगडी कडा आणि मधे माती, म्हणजे बघायला अगदी पलंगासारखी. ही मधली जागा मुळातच फुलझाडं लावायला ठेवलेली, घरचे लोक येऊन लावायचे. पुढे पिढ्या पांगल्या, कुणी येईना, नुसती हिरवळ ठेवून मशीन फिरवणं सोपं पडायला लागलं आणि ते वाफे गवताने भरले. 2016 पासून तिथले व्हॉलंटियर तेच वाफे परत भरतायत. म्हणजे तू कुणाच्या कबरीवर जाऊन सजावट करत नाहीयेस, ज्या कामासाठी तो दगड घडवला तेच काम करतेयस. हे सासूबाईंना सांग, आणि फुलं आली की व्हिडिओ कॉल करून दाखव, ते जास्त चालतं (माझा अनुभव आहे, समजावण्यापेक्षा दाखवणं बरं).

आता झेंडू. फ्रेंच झेंडू तेव्हाच्या बागांमध्ये असायचा, शिवाय झेंडू मूळचा अमेरिका खंडातलाच, मेक्सिकोकडचा, आपल्या दसऱ्याला तो नंतर आलाय, त्यामुळे तिथे तो पाहुणा नाही. तरी को-ऑर्डिनेटरला विचारून लाव, कारण या उपक्रमात एकोणिसाव्या शतकातल्या बागांत असायची तशीच झाडं लावायचा प्रयत्न असतो, पॅन्सी, डायंथस, अ‍ॅलिसम, हेलिओट्रोप वगैरे. तुळस मात्र नको असं माझं मत. एकतर थंडी पडली की ती गेलीच, आणि दुसरं म्हणजे ज्या बाईचं किंवा बाप्याचं आपण काही जाणत नाही तिच्यावर आपली श्रद्धा का लादा, तुळस घरात खिडकीपाशी ठेव.

एप्रिलमध्ये दोन दिवस ऊन पडलं म्हणून उतावळेपणाने झेंडू मातीत लावू नकोस, तिकडे उशिरा पडलेलं दव गोठतं आणि एका रात्रीत सगळं काळं पडतं, मे उजाडून थोडा पुढे गेला की लाव. ट्यूलिप, क्रोकस, डॅफोडिलचे कंद ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुरायचे. त्यातले ट्यूलिप आणि क्रोकसचे कंद खारी उकरून खातात, डॅफोडिलला तोंड लावत नाहीत, ते विषारी असतात. आयव्ही लावायचा मोह होईल, दिसते छान, पण तिची मुळं दगडाला चिकटतात आणि मग ती आवरत नाही. कडांजवळ खोल खणू नकोस, हातखुरपं पुरे.

प्रश्न : मीही असंच काम करते पण माझ्या दगडावर नुसतं पहिलं नाव आणि 'अमक्याची पत्नी' एवढंच आहे, तेही पुसट. दगड ब्लीचने घासू का? आणि अशा बाईची माहिती मिळते तरी कुठे?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : ब्लीच नको, व्हिनेगर नको, तारेचा ब्रश तर अजिबात नको! जुना संगमरवर आधीच आम्लाच्या पावसाने झिजलेला असतो, बोट फिरवलं तर साखरेसारखे कण हाताला लागतात, अशावर घासलंस तर उरलेली अक्षरंही जातील. साधं पाणी, मऊ ब्रश, तेही तिथल्या लोकांनी परवानगी दिली तर. वाचायचं असेल तर बाजूने तिरका उजेड पाड, आरसा धर नाहीतर संध्याकाळी मोबाईलचा टॉर्च, खोलगट अक्षरांत सावली पडते आणि वाचता येतं.

माहितीसाठी आधी सिमेट्रीचं दफनांचं रजिस्टर बघ. तो प्लॉट कुणी विकत घेतला, त्यात आणखी कोण कोण आहे आणि कुठल्या साली, एवढ्यावरून निम्मं घर उभं राहतं. मग जनगणना. अमेरिकेत 1850 पासून घरातल्या सगळ्यांची नावं लिहायला लागले (गुलामगिरीतल्या लोकांची मात्र नाही), 1880 पासून कुटुंबप्रमुखाशी नातंही लिहिलं. 1890 ची बहुतेक सगळी कागदपत्रं आगीत आणि नंतर सरकारी हलगर्जीपणात गेली, तिथे शोधत बसू नकोस. 1900 चा तक्ता मात्र जरूर काढ, त्यात बायकांना किती मुलं झाली आणि किती जिवंत आहेत असे दोन रकाने आहेत. आठ आणि तीन असे आकडे दिसले की त्या 'पत्नी'चं आयुष्य समोर येतं, दगडावर जे कुणी कोरलं नाही ते. शहराच्या जुन्या डिरेक्टऱ्यांमध्ये नवऱ्याचा धंदा आणि पत्ता मिळतो, बायको बहुतेक वेळा विधवा झाल्यावरच यादीत येते, काय बोलावं. फिलाडेल्फियात मृत्यूची नोंद 1860 पासून आहे, त्यात कारणही असतं.

एकच सांगते, गाळलेल्या जागा मनाने भरू नकोस. 'ती खूप प्रेमळ होती' असं लिहायचा मोह होतो, पण कागदात नसेल तर लिहू नको. माहेरचं आडनाव सापडलं तरी तू पुष्कळ केलंस.

प्रश्न : आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात शिकल्या ना, मग त्यांची समाधी याच सिमेट्रीत आहे का?
— एक वाचक, कल्याण

उत्तर : नाही. आनंदीबाई 1886 मध्ये फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या, परत आल्या आणि फेब्रुवारी 1887 मध्ये पुण्यात गेल्या. त्यांची रक्षा थिओडिशिया कार्पेंटरबाईंकडे पाठवली, अमेरिकेत त्या यांना मावशी म्हणायच्या (नात्याने नव्हे, मायेने), आणि त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यात पकीप्सीच्या सिमेट्रीत आपल्या कुटुंबाच्या प्लॉटमध्ये ठेवली. तिथे दगड आहे, नाव आहे, पुढे एमडी लिहिलंय. वूडलँड्समध्ये आहेत ते त्या काळचे नावाजलेले सर्जन डॉक्टर सॅम्युअल ग्रॉस, आणि त्यांचं ऑपरेशन करतानाचं प्रसिद्ध चित्र काढणारा चित्रकार टॉमस ईकिन्सही तिथेच.

प्रश्न : आपल्या शिवडीच्या ख्रिस्ती कबरस्तानात असं काही करता येईल का? आम्ही पाच-सहा मैत्रिणी तयार आहोत.
— एक वाचक, मुंबई

उत्तर : येईल की, आणि शिवडीची ती जागाही आधी बागच होती, बागायती सोसायटीची, 1865 मध्ये तेव्हाचा म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्डने तिथे कबरस्तान केलं. व्हीटी स्टेशनचे आर्किटेक्ट स्टीव्हन्स आणि गेटवे ऑफ इंडियाचे आर्किटेक्ट विटेट दोघं तिथेच आहेत. पण ते चालू कबरस्तान आहे, लोकांची माणसं तिथे आहेत, तेव्हा आधी ऑफिसात जाऊन लेखी परवानगी घ्या. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित जागेत तर परवानगीशिवाय गवताची काडीही उपटायची नाही.

आपल्याकडचा पहिला शत्रू पिंपळ. भेगेत रोप दिसलं की हात शिवशिवतात, पण ओढू नका, मुळाबरोबर दगड निघून येतो, बुंध्याशी कापा आणि तिथल्या माहितगाराला दाखवा. फुलं पावसानंतर लावा, जूनमध्ये लावलेली सगळी वाहून जातात. तोवर शिळांचे फोटो काढून नावं-सालं वहीत उतरवायला घ्या, तेवढं काम दोन पावसाळे पुरेल.