ट्रकला ओव्हरटेक करताना

नवीन गाडी शिकलेल्यांना ट्रकच्या आकाराची भीती वाटते. भीती वाटायला हवी ती त्याच्या ड्रायव्हरला तू दिसत नाहीस याची. ट्रकच्या आरशात तुला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्याच्या लेखी तू रस्त्यावर नाहीसच. अगदी मागे, केबिनच्या नाकासमोर आणि दोन्ही बगलांना त्याला दिसत नाही. त्यातही ड्रायव्हर बसतो त्याच्या विरुद्ध बाजूची बगल सगळ्यात वाईट. तिथे रेंगाळू नकोस.

ओव्हरटेक करायचंच तर आधी मागे अंतर ठेव, पुढचा रस्ता नीट बघ, हॉर्न किंवा डिपर दे आणि एका दमात निघून जा. शेजारून जाताना हवेचा झोत गाडी हलवतो, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धर. आणि पुढे गेल्यागेल्या आत घुसायचं नाही! आतल्या आरशात ट्रकचे दोन्ही हेडलाइट दिसले, की थोडं आणखी पुढे जाऊन मग लेनमध्ये ये. भरलेला ट्रक तुझ्या गाडीसारखा जागच्या जागी थांबत नाही.

वळणावर तो आधी बाहेरच्या बाजूला जातो, कारण मागची चाकं आतून कापत येतात. ती मोकळी दिसणारी जागा तुझ्यासाठी नाही. दुचाकीवाले नेमके तिथेच सापडतात.

चढावर थांबलेल्या ट्रकला चिकटून उभा राहू नकोस, सुटताना तो थोडा मागे येतो. पावसात तर अंतर दुप्पट ठेव. चाकांनी उडवलेल्या पाण्यात काच क्षणात पांढरी होते.